उजव्या सीटवरचे छप्पन्न किलो

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या मैदानात, घसरगुंडीच्या मागे, कुंपणाकडे शेपूट करून जे जुनं विमान उभं आहे ना, ते मी. मधल्या सुट्टीत तुम्ही माझ्या पंखावर बसून डबे खाता. माझ्या नाकावर तुमच्यापैकीच कोणीतरी खडूने मिशा काढल्या आहेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला तुम्हाला माझी गोष्ट सांगायची आहे आणि शेवटी एक काम सांगायचं आहे. काम गुरुवारचं आहे, म्हणून गोष्ट त्याच्या आत संपवायला हवी.

मी दिसायला कधीच सुंदर नव्हतो. माझा आराखडा ज्या माणसाने काढला तो स्वतः डोंगरांत विमान चालवायचा. डोंगरांतल्या मिशनच्या दवाखान्यांना औषधं पोचवायची, आजारी माणसं खाली आणायची, हे त्याचं काम. त्याच्या विमानाला एकच इंजिन होतं. एकदा ते जंगलावर बंद पडलं. माणूस वाचला, पण चालत घरी यायला त्याला अकरा दिवस लागले. घरी आल्यावर जेवायच्याही आधी त्याने कागद मागितला आणि माझं पहिलं चित्र काढलं. त्यात दोन इंजिनं होती. लोकांनी विचारलं, दोन कशाला? तो म्हणाला, "एक इंजिन असलं की देव आठवतो. दोन असली की घर आठवतं."

तर असा मी जन्मलो. दोन्ही पंखांवर एकेक इंजिन, खडबडीत जमिनीवर टिकतील अशी जाड चाकं, शेपटीखाली एक लहानसं चाक. अंग सपाट पत्र्याचं, म्हणजे कुठे पोचा आला तर गावातल्या लोहारालासुद्धा ठोकून सरळ करता यावा. दार इतकं रुंद की तेलाचं पिंप आडवं आत जावं, स्ट्रेचर सरळ आत जावं. कारखान्यातले लोक मला हसून 'पत्र्याची ट्रंक' म्हणायचे. माझ्यासारखी आम्ही सातच भावंडं झालो. मग कारखाना बंद पडला. बाकीची सहा कुठे आहेत, मला माहीत नाही.

मला जे काम मिळालं ते मी पंचवीस वर्षं केलं. खाली सपाटीवर आमची एक मोठी धावपट्टी होती. तिच्या कडेला पत्र्याची शेड, शेडच्या दारात मी. वर डोंगरांत सात लहान धावपट्ट्या. लहान म्हणजे किती, तर तुमच्या मैदानाच्या तिप्पट. सगळ्यात अवघड होती ती सातवी. चढावर बांधलेली, उतरताना चढाकडे तोंड आणि निघताना उताराकडे. जिथे पट्टी संपे तिथे जमीनही संपे. खाली दरी. तिथून निघायचं म्हणजे दरीच्या कडेपर्यंत धावायचं आणि कडा आली की उडायचं. तोवर उडता आलं नाही, तर पुढचं सांगायला कोणी उरायचं नाही.

म्हणून आमच्याकडे सगळ्यात मोठा कोण, तर काटा. पोती मोजायचा लोखंडी वजनकाटा शेडच्या दारात ठेवलेला असे. जो माझ्यात चढेल त्याने आधी काट्यावर उभं राहायचं. मग तो फादर असो, शाळामास्तर असो की तापाने फणफणलेलं मूल असो. वजन एका लांबलचक वहीत लिहायचं, बेरीज करायची, आणि मगच निघायचं. उंचावर हवा विरळ असते. ऊन वाढलं की आणखी विरळ होते. तशा हवेत पंखांना धरायला कमी मिळतं. मग एकेक किलो महत्त्वाचा होतो.

माझे पायलट या बाबतीत फार कडक होते. त्यांना सगळे कॅप्टन म्हणत. अंगाने आडवे, आवाजाने मोठे, आणि काट्यापुढे कोणाचीही गय न करणारे. एक कापडवाले शेठ दर वेळी काट्यावर उभं राहताना एक टाच हळूच बाहेर टेकवायचे.

"शेठ, पाय आत."

"अहो कॅप्टन, आतच आहे की!"

"मग जमिनीवर तो कोणाचा आहे?"

एका आजीने एकदा शालीखाली कोंबडी लपवली होती. काटा हलला तशी कोंबडी ओरडली. आजी म्हणाली, "माझं पोट वाजतंय." सगळे हसले. कॅप्टनही हसले, पण कोंबडी त्यांनी वेगळी मोजली आणि वेगळ्या ओळीत लिहिली. दीड किलो.

पुढे त्यांच्या बायको झालेल्या बाईंची आणि त्यांची ओळखही काट्यावरच झाली. मला कामाला लागून तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या नर्स म्हणून मिशनमध्ये नव्या आल्या होत्या, डोंगरातल्या दवाखान्यात जायचं होतं. हातात पिशवी, पायांत मोठे बूट. कॅप्टन वर न बघता म्हणाले, "उभ्या राहा. पिशवी बाजूला ठेवा, ती वेगळी."

काटा छप्पन्नवर थांबला.

"छप्पन्न," कॅप्टन म्हणाले आणि मग त्यांनी वर पाहिलं.

पुढे कितीतरी वर्षं बाई ही गोष्ट सांगायच्या. "पहिल्या भेटीत लोक नाव विचारतात. यांनी माझं वजन विचारलं, तेही चारचौघांत. मी म्हटलं, चला, याच्यापासून आता लपवायचं काही उरलं नाही."

लग्नानंतर बाई काट्याचं काम बघू लागल्या. त्या माणसांना उभं करायच्या, आकडा वाचायच्या, वहीत लिहायच्या. डोंगरातले लोक त्यांना काटेबाई म्हणायला लागले. दर फेरीला त्या कॅप्टनच्या शेजारी, माझ्या उजव्या सीटवर बसायच्या. वर पोचलं की मुलांना लस टोचायच्या, जखमा बांधायच्या, बाळंतिणींना बघायच्या. त्या भागात दुसरी नर्स नव्हतीच; दवाखाने सांभाळणाऱ्या सिस्टर म्हणजे मिशनच्या जोगिणी. कॅप्टन त्यांना नावाने हाक मारत नसत.

"छप्पन्न, चल बस."

"छप्पन्न, माझा चष्मा कुठाय?"

बाई म्हणायच्या, "तुमच्या नाकावर." आणि बहुतेक वेळा तो तिथेच असायचा.

एकदाच तो आकडा बदलला. मुलगी पोटात होती तेव्हा काट्यावर त्रेसष्ट भरले. बाई म्हणाल्या, "वरचे सात माझ्या नावावर लिहू नका. ते पाहुण्याचे आहेत." मुलगी झाली, मोठी झाली, शिकायला दूर गेली, पुढे तिकडेच नोकरीला लागली. बाई पुन्हा छप्पन्न झाल्या आणि छप्पन्नच राहिल्या. इतकी वर्षं एकच आकडा आला की माणूस तो मोजायचं सोडून देतो. कॅप्टननी कधी सोडलं ते त्यांनाही आठवणार नाही. बाई सगळ्यांना काट्यावर चढवायच्या, वही भरायच्या, आणि शेवटची ओळ आली की माझ्या आतून, इंजिन सुरू करायच्या तयारीत असलेले कॅप्टन ओरडायचे, "छप्पन्न!" बाई लिहायच्या, छप्पन्न. जो माणूस कोंबडीही सोडत नसे, तो बायकोचं वजन पाठ म्हणायचा.

मित्रांनो, चूक म्हणाल तर एवढीच झाली. आणि ती प्रेमाने झाली.

आता मला काय कळतं ते सांगतो. मला डोळे नाहीत, पण माझ्या आत किंवा आसपास जे घडतं ते मला समजतं. वजन मात्र मला काट्याइतकंच नेमकं कळतं. कोण बसलं, कुठे बसलं, किती किलोचं, हे माझ्या चाकांच्या दांड्यांना बरोबर जाणवतं. वही काहीही म्हणो.

बाविसाव्या वर्षी, थंडी संपता संपता, उजव्या सीटवर त्रेपन्न किलो बसले.

मला वाटलं, बूट बदलले असतील. महिन्याने पन्नास झाले. मग अठ्ठेचाळीस. वहीत छप्पन्न. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला बरंच वाटलं. विमानाला हलकं असणं आवडतं. सातव्या पट्टीवरून मी कडेच्या चार हात आधीच उचलला जाऊ लागलो. कॅप्टन एकदा म्हणालेही, "आज काय मस्त निघाला गडी!" कोणी पाठ थोपटल्यासारखं मला वाटलं. तेव्हा ही स्तुती मी कशाच्या बदल्यात घेत होतो, हे मला समजलं नव्हतं.

काटा जास्त वजनासाठी असतो. कमी वजनाला कोणी हरकत घेत नाही.

कॅप्टनना दिसलं कसं नाही, असं तुम्ही विचाराल. वर थंडी असते, म्हणून बाई जाड कोट घालायच्या. तो पूर्वीचाच होता. आत काय कमी झालं ते त्याने झाकलं. आणि दुसरं असं, की ती दोघं बसायची शेजारी शेजारी. शेजारी बसलेली माणसं एकमेकांकडे बघत नाहीत. दोघंही समोर बघतात. कॅप्टन आकाशाकडे बघायचे, घड्याळांकडे बघायचे, इंजिनाच्या आवाजात बारीकशी खरखर आली तरी त्यांचे कान टवकारायचे. माझी काळजी ते डोळ्यात तेल घालून घेत होते.

एक माणूस खऱ्या गोष्टीच्या अगदी जवळ पोचला होता. आमचे मिस्त्री. ते दर शनिवारी माझी तपासणी करायचे. त्या दिवशी उजव्या सीटचा पट्टा हातात घेऊन ते बघत राहिले. पट्टा आवळल्यावर त्याचं जे मोकळं टोक उरतं, ते वीतभर लांब झालं होतं.

"वहिनी," त्यांनी हाक मारली, "या सीटवर एखादं पोर बसवलं होतं का हो? पट्टा बघा कुठवर ओढलाय."

बाई शेडच्या दारात लशींची पेटी भरत होत्या. त्या थांबल्या नाहीत.

"हो, सिस्टरांची भाची बसली होती. खिडकीतून बघायचं म्हणाली."

"कॅप्टन बसू देतात? मला तर ते आत पाय ठेवू देत नाहीत बूट पुसल्याशिवाय."

"तुमचे बूट बघितलेत का भाऊजी कधी?"

मिस्त्री हसले, स्वतःच्या बुटांकडे बघितलं, आणि पट्टा पुन्हा छप्पन्न किलोच्या माणसाइतका सैल करून ठेवला. सोमवारी बाईंनी तो पुन्हा ओढून घेतला.

त्यानंतर एक दुपार आली. कॅप्टन आणि मिस्त्री पेट्रोलची पिंपं आणायला गेले होते. शेडमध्ये बाई एकट्याच. त्यांनी कोट काढला, बूट काढले आणि काट्यावर उभ्या राहिल्या. मी दारातच होतो. काटा हलत हलत स्थिर झाला. बाईंनी आकडा वाचला. खाली उतरल्या, आणि पुन्हा चढल्या. काट्यावर विश्वास नसल्यासारख्या. मग बूट घालत त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू काही बोलू नकोस हं."

त्या माझ्याशी अशा बोलायच्या कधीकधी. कोणी नसलं की.

"अजून सहा पट्ट्यांवरची लस राहिलीय," त्या म्हणाल्या. "गोवर आलाय वर. मी आज सांगितलं तर हे मला उद्या शहरात नेतील आणि तिथून हलणार नाहीत. मग मुलांना टोचणार कोण? एवढं संपू दे. मग सांगते."

त्या नर्स होत्या. जेवण का उतरत नाही, पोटात काय दुखतं, याचा अंदाज त्यांना असणारच. त्यांनी वही उघडली आणि दुसऱ्या दिवशीच्या पानावर आपली ओळ आधीच लिहून टाकली. छप्पन्न.

बोलू नकोस, असं त्यांनी विमानाला सांगितलं. मला तोंड असतं तर मी ऐकलं नसतं.

सहामधल्या पाच पट्ट्या झाल्या. सातवी, ती दरीवरची, शेवटी उरली. आम्ही सकाळी पोचलो. बाईंनी दवाखान्याच्या ओसरीवर बसून चाळीस मुलांना लस टोचली. शेवटचं मूल रडत घरी गेलं तेव्हा ऊन चढलं होतं. त्या पेटी आवरतच होत्या, तेवढ्यात चौघे जण एका तरुण मुलीला झोळीतून घेऊन आले. बाळंतपण अडलं होतं. पहिलंच. सोबत तिची आई.

दवाखान्यातल्या सिस्टरनी बघितलं, बाईंनी बघितलं. दोघींना वेगळं बोलावं लागलं नाही.

"खाली न्यायला हवी," बाई म्हणाल्या. "आत्ता."

कॅप्टन वही घेऊन आले. माझ्या आतली पोती, अवजारांची पेटी, मागच्या सीटा, सगळं उतरवून ठेवलं. दवाखान्याचा काटा ओसरीवर होता. त्यांनी हवा बघितली, ऊन बघितलं, थर्मामीटर बघितला आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं, अडीचशे. त्या दुपारी त्या पट्टीवरून अडीचशे किलोच्या वर उचलायचं नाही.

"रुग्ण एकसष्ट. स्ट्रेचर नऊ. औषधांची पेटी अकरा. मी अठ्ठ्याहत्तर. बाई छप्पन्न. दोनशे पंधरा," कॅप्टन म्हणाले. "चला, उचला."

स्ट्रेचरवरच्या मुलीने आईचा हात सोडला नाही. वीसएक वर्षांची असेल. "आई येत असेल तरच मी जाणार," ती म्हणाली. "नाहीतर इथेच मरू दे."

"असं बोलू नये गं," सिस्टर म्हणाल्या.

आईला काट्यावर उभं केलं. अठ्ठेचाळीस. कॅप्टननी बेरीज केली. दोनशे त्रेसष्ट.

"तेरा जास्त होतात. जमणार नाही."

"साहेब, मी चप्पल काढते," ती आई म्हणाली. तिने खरंच चप्पल काढली. कानातलं काढायला लागली.

"मावशी, चपलेने तेरा किलो कमी होत नाहीत हो." कॅप्टनचा आवाज त्या दिवशी मोठा नव्हता. "उद्या सकाळी येतो तुम्हाला न्यायला. वचन देतो. आज नाही."

"उद्या ती मला जिवंत दिसेल का?"

कॅप्टननी पुन्हा वहीकडे बघितलं. बाईंना मागे ठेवता येत नव्हतं, कारण वाटेत काही झालं तर हात लावायला त्याच. पेट्रोल कमी करता येत नव्हतं. कॅप्टननी वही मिटली. आईने मुलीचा हात धरूनच जमिनीवर बसकण मारली. मुलगी कळ येऊन ओरडली.

तेव्हा काटेबाई म्हणाल्या, "त्यांना येऊ द्या. जागा आहे."

"अगं, बेरीज केली ना आत्ता."

"बेरीज बरोबर आहे. आकडा चुकलाय."

"कुठला?"

"माझा."

त्या ओसरीवर गेल्या आणि काट्यावर उभ्या राहिल्या. कोट काढला नाही, बूट काढले नाहीत. कॅप्टन जवळ गेले. बावीस वर्षं लोकांचे आकडे वाचणारा माणूस त्या काट्यासमोर वाकून उभा राहिला आणि वाचायलाच तयार होईना.

"वाचा," बाई म्हणाल्या. "उशीर होतोय."

"बेचाळीस."

"मग लिहा."

"कोटासकट?"

"कोटासकट."

कॅप्टननी वही उघडली. छप्पन्न खोडलं. त्या जागी बेचाळीस लिहिलं. मग पुन्हा बेरीज केली, अगदी सावकाश, पहिलीतल्या मुलासारखी बोटं मोजत. दोनशे एकोणपन्नास.

"एक किलो उरतो," ते म्हणाले.

बाईंचे चौदा किलो गेले होते. त्यातल्या तेरांच्या जागेत ती आई बसली.

मी धावलो. उतार, कडा, दरी. मी उचलला गेलो. मागे मुलगी ओरडत होती आणि तिची आई तिच्या कपाळावरून हात फिरवत होती. बाई सीट सोडून तिच्यापाशी बसल्या होत्या. पाऊण तासाच्या वाटेत कॅप्टन दोनदाच बोलले.

"कधीपासून?"

"थंडीपासून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही सांगत होतात," बाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्या दमल्या होत्या. मग त्यांनी मागून हात पुढे केला आणि कॅप्टनच्या खांद्यावर ठेवला. "समोर बघा. वारा वळलाय."

खालच्या मोठ्या दवाखान्यात मुलगी वाचली. बाळही. मिस्त्री सांगत आले, मुलगा झाला, तीन किलो शंभर. त्याच दवाखान्यात, त्याच दिवशी, वरच्या मजल्यावर काटेबाईंना ठेवून घेतलं. आजार पोटात होता आणि पसरला होता. चार महिने आधी कळतं तर काहीतरी करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. चार महिन्यांपूर्वी माझ्या उजव्या सीटवर त्रेपन्न किलो होते. ते फक्त मला माहीत होतं.

बाई सात आठवडे राहिल्या. त्यांची मुलगी आली होती. शेवटी शेवटी कॅप्टन त्यांना स्वतः उचलून खुर्चीत बसवायचे, असं मिस्त्री सांगायचे. उचलताना ते आकडा म्हणत नसत.

बाई गेल्यावर दोन महिन्यांनी कॅप्टन शेडमध्ये आले. माझी साफसफाई केली. उजव्या सीटचा पट्टा हातात घेतला. त्याचं मोकळं टोक लांबच होतं. ते त्यांनी तसंच ठेवलं. त्या दिवसापासून त्यांनी काट्याचं काम कोणालाच दिलं नाही. प्रत्येकाला स्वतः उभं करायचे आणि आकडा मागच्या वेळच्या पानाशी ताडून बघायचे. जास्त झालेल्याला काही म्हणत नसत. कमी झालेल्याला बाजूला घ्यायचे. "मास्तर, मागच्या वेळी सदुसष्ट होतात. आज त्रेसष्ट. जेवता ना नीट? डॉक्टरला दाखवा. नाही, हसू नका. दाखवा." मास्तरांना त्यामुळे मधुमेह वेळेवर कळला. शेठ मात्र चिडायचे. "कॅप्टन, जाडी झाली तरी बोलत होतात, आता बारीक झालो तरी बोलता!"

मी बेचाळीस किलोने हलका झालो होतो. त्यामुळे उडणं सोपं झालं, असं मी म्हणणार नाही.

असं आणखी तीन वर्षं चाललं. मग डोंगरात रस्ता गेला. गाड्या वर जाऊ लागल्या. चांगलंच झालं, त्या मुलीसारख्यांना विमानाची वाट बघायला नको. माझे सुटे भाग मिळेनासे झाले. एक इंजिन काढून नेलं. मला शेडमागे ढकललं. चाकांतली हवा गेली, खिडकीत गांधीलमाश्यांनी पोळं केलं, पंखावर कोणी गोवऱ्या वाळत घातल्या. अकरा वर्षं मी तिथे होतो. मग तुमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला मागून घेतलं आणि मी ट्रकवर बसून इथे आलो. जमिनीवरून इतका लांबचा प्रवास मी पहिल्यांदाच केला. त्या दिवशी कॅप्टनची मुलगीही आली होती. जाताना ती मुख्याध्यापिकाबाईंना आपला फोन नंबर देऊन गेली. "विमानाला काही लागलं तर कळवा," म्हणाली.

आता ते काम.

दर गुरुवारी मधल्या सुट्टीत एक म्हातारे गृहस्थ फडकं आणि तेलाचा डबा घेऊन येतात. तुम्ही त्यांना शाळेचे शिपाई समजता. मागच्या वेळी एकाने त्यांना घंटा वाजवायला सांगितली. ते कॅप्टन आहेत. ते माझ्या बिजागऱ्यांना तेल घालतात, काच पुसतात आणि मग आत येऊन बसतात. डाव्या सीटवर नाही. उजव्या. पट्टाही लावतात.

बसल्या बसल्या मुलीचा फोन येतो.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो गं."

"काय केलं होतं?"

"केलं होतं काहीतरी. भरपूर होतं. तू जेव."

मित्रांनो, ते जेवलेले नसतात. मला कळतं. माझ्या चाकांत आता हवा नाही, पण दांड्या शाबूत आहेत. मला शाळेत आणलं तेव्हा ते बहात्तर किलोचे होते. दिवाळीच्या सुट्टीआधी पासष्ट. मागच्या गुरुवारी साठ. अंगात तोच जुना कोट असतो. त्यांना विचारलं तर ते सगळ्यांना सांगतात, बरं आहे. मुलीला फोनवरून आवाज ऐकू येतो, वजन ऐकू येत नाही.

तुमच्या शाळेत काटा आहे. तपासणीच्या दिवशी तुम्ही त्यावर उभे राहता, तो. या गुरुवारी तो उचलून माझ्या दाराशी आणा. दोघं लागतील, जड आहे. कॅप्टनना हाताला धरून त्यावर उभं करा. ते म्हणतील, माझं मला पाठ आहे, अठ्ठ्याहत्तर. ऐकू नका. टाच बाहेर टेकवली तर पाय आत घ्यायला सांगा.

माझ्या उजव्या दाराच्या खिशात जुनी वजनवही आहे. शेवटच्या पानावर सात ओळी कोऱ्या आहेत. तिथे आकडा लिहा. मग मुख्याध्यापिकाबाईंकडून त्यांच्या मुलीचा नंबर घ्या आणि तिला फोन करून तो वाचून दाखवा. दुसरं काही सांगायची गरज नाही. ती काट्यावरच्या घरातली आहे. तिला समजेल.

आणि त्यांना तुमच्या डब्यातलं थोडं द्या. ते नको म्हणतील. तरी द्या.

मागच्या वेळी हे मला एकट्यालाच माहीत होतं. आता तुम्हालाही माहीत आहे.